मयताची नोंद: हद्द, मुदत आणि नाव

माणूस ज्या जागी मरण पावतो, त्या जागेच्या हद्दीतच त्याच्या मृत्यूची नोंद होते. तो राहत कुठे होता, मतदान कुठे करत होता, माती कोणत्या गावात झाली, यांपैकी कशानेही नोंदणीचे ठिकाण बदलत नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. २०२३ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. हद्दीचा नियम मात्र होता तसाच आहे. दाखल्यासाठी होणाऱ्या हेलपाट्यांचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

कुर्डुवाडीत हा नियम पहिल्यापासून डोक्यात ठेवावा लागतो, कारण इथला अत्यवस्थ रुग्ण सहसा इथे थांबत नाही. त्याला बार्शीला, सोलापूरला, अकलूजला, नाहीतर थेट पुण्याला हलवतात. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात मृत्यू झाला तर नोंद बार्शीत होते, सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात झाला तर सोलापूर महापालिकेच्या हद्दीत, आणि पुण्यात झाला तर पुण्यात. कुर्डुवाडी शहरात घरी मृत्यू झाला तर नोंद कुर्डुवाडी नगरपरिषदेत करायची. लऊळ, भोसरे, बारलोणी, रिधोरे अशा गावांत झाला तर त्या-त्या ग्रामपंचायतीत. तिथे ग्रामसेवक, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या पदनामाप्रमाणे ग्रामपंचायत अधिकारी, हाच निबंधक असतो. कुर्डू हे गाव वेगळे आणि कुर्डुवाडी वेगळी, हे परगावच्या रुग्णालयातल्या कारकुनाला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यामुळे पत्ता सांगताना गाव, ग्रामपंचायत की नगरपरिषद आणि तालुका माढा हे तिन्ही स्पष्ट सांगावे. शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी तर घरपट्टीची पावतीच पाहावी. बोलण्यात कुर्डुवाडी असलेली वस्ती कागदावर शेजारच्या ग्रामपंचायतीत असू शकते.

नेहमी घडणारा प्रकार असा. लऊळचा एक शेतकरी सोलापुरात अतिदक्षता विभागात रात्री जातो. रुग्णवाहिका पहाटे गावात येते, सकाळी माती होते, तिसऱ्या दिवशी सावडणे, पुढे दहावा, तेरावा. पाहुणे गेल्यावर मुलगा आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन ग्रामपंचायतीत जातो. समोरून प्रश्न येतो, “मयत कुठं झाली?” मुलगा सांगतो, “सोलापुरात, पण माती हितंच झाली.” ग्रामपंचायत त्याला काहीही देऊ शकत नाही. मातीचा दाखला किंवा स्मशानभूमीची पावती हा अंत्यविधी झाल्याचा कागद आहे. तो मृत्यूच्या नोंदीची जागा घेत नाही. मुलाने खरे तर त्या रात्री रुग्णालयातूनच विचारून निघायला हवे होते की नोंद कोणत्या कार्यालयात जाणार, कधी जाणार आणि दाखला कुठून घ्यायचा.

वाटेत झालेल्या मृत्यूचा प्रश्न जास्त अवघड असतो. चालत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहन जिथे प्रथम थांबते तिथे, वाहनाचा ताबा असलेल्या व्यक्तीने खबर द्यायची, असा नियम आहे. वाहन म्हणजे जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतलेही. रेल्वेच्या गावाला हा नियम परका नाही. मुंबई-सोलापूर आणि मिरज-लातूर हे दोन मार्ग इथे एकमेकांना छेदतात, आणि धावत्या गाडीत प्राण गेलेला प्रवासी ज्या स्थानकावर उतरवला जातो त्यात कुर्डुवाडीही असते. अशा वेळी रेल्वे कर्मचारी आणि लोहमार्ग पोलीस यांच्यामार्फत कागद होतात. नातेवाइकांनी गाडीचा क्रमांक, तिकीट आणि पंचनाम्याची प्रत सांभाळून ठेवावी.

रुग्णवाहिकेतच प्राण गेलेला रुग्ण रुग्णालयाच्या दारात पोहोचला, तर केसपेपरवर ‘आणण्यापूर्वीच मृत्यू’ असा शेरा पडतो. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केलेले नसतात, म्हणून कारणाचे प्रमाणपत्र ते सहजी देत नाहीत आणि बऱ्याचदा शवविच्छेदनाकडे पाठवतात. उलट बाजूही आहे. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर ऑक्सिजन लावूनच माणसाला गावी आणतात आणि तो घरच्या खाटेवर जातो. ही नोंद गावात होते. मात्र वाटेत मोहोळजवळच श्वास थांबला असेल तर ‘घरीच गेला’ असे सोयीसाठी सांगू नये. डिस्चार्ज कार्डावरची वेळ, रुग्णवाहिकेची पावती आणि दाखल्यावरचे ठिकाण यांचा मेळ बसला नाही की विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते.

खबर कोणी द्यायची

घरात मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने खबर द्यायची. कुटुंबप्रमुखच गेला असेल किंवा हजर नसेल तर घरातल्या जवळच्या नातेवाइकाने, तोही नसेल तर घरातल्या वयाने मोठ्या सज्ञान व्यक्तीने. रुग्णालयात मृत्यू झाला तर ही जबाबदारी तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. नातेवाइकांनी स्वतंत्र अर्ज करायचा नसतो, फक्त अचूक माहिती पुरवायची असते. लॉज, धर्मशाळा, वसतिगृह अशा ठिकाणी तिथल्या व्यवस्थापकाची. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणाऱ्या या पट्ट्यात धर्मशाळेचा नियम नुसता कागदावरचा नाही. बेवारस प्रेत सार्वजनिक जागी सापडले तर गावात पोलीस पाटलाने आणि इतरत्र पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने कळवायचे.

खबर लेखी दिली पाहिजे असे नाही. कायद्याला तोंडी खबरही चालते. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. २०२३ च्या दुरुस्तीपासून खबर देणाऱ्याचा आधार क्रमांक उपलब्ध असल्यास मागितला जातो.

एकवीस दिवस

मुदत मृत्यूपासून २१ दिवसांची आहे. महिन्याच्या ३ तारखेला मृत्यू झाला तर २४ तारखेपर्यंत खबर पोहोचली पाहिजे. या भागात दाखल्याचा विषय तेराव्याच्या आधी काढणे बरे दिसत नाही, असे मानतात. ते मान्य केले तरी तेरावा १५ तारखेला संपतो आणि हातात नऊ दिवस उरतात. त्यात एक-दोन रविवार आणि एखादी सुट्टी येते. नोंदणीसाठी सुतक आड येत नाही. घरचा माणूस बाहेर पडणार नसेल तर जावई किंवा भावकीतला कोणी सही करू शकतो का, हे निबंधकाला विचारून तेवढे काम आधी उरकावे.

मुदतीत नोंद झाली तर कोणतेही शुल्क नाही. खबर देणाऱ्याला पहिला दाखला मोफत मिळतो आणि तो नोंदीपासून सात दिवसांत देण्याचे बंधन निबंधकावर आहे. नोंद आता केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीत संगणकावर होते. दाखल्यावर क्यूआर कोड आणि नोंदणी क्रमांक असतो. नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचा दिनांक कुठेतरी वेगळा लिहून ठेवावा. पुढे नक्कल काढताना या दोन गोष्टींवर काम पाच मिनिटांत होते, नाहीतर शोध घ्यावा लागतो.

नमुना दोन

मृत्यूची माहिती नमुना २ मध्ये भरतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला कायदेशीर भाग, तो मृत्यूच्या नोंदवहीत जातो आणि दाखला त्यावरून निघतो. दुसरा सांख्यिकीय भाग, तो सरकारच्या आकडेवारीसाठी वेगळा काढला जातो.

पहिल्या भागात मृत्यूची तारीख, मृताचे नाव, आई, वडील किंवा पती-पत्नीचे नाव, लिंग, वय, मृत्यूचे ठिकाण, मृत्यूसमयीचा पत्ता आणि कायमचा पत्ता असतो. ठिकाण आणि कायमचा पत्ता हे दोन वेगळे रकाने आहेत, हे लक्षात आले की बरीच भीती जाते. सोलापुरात नोंद झाली म्हणून माणूस सोलापूरचा ठरत नाही. कायमच्या पत्त्यात मु. पो. लऊळ, ता. माढा, जि. सोलापूर असेच लिहिले जाते.

तारखेबाबत एक खाचखळगा आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, सरकारी दिवस मध्यरात्री. रात्री साडेबारा वाजता गेलेल्या माणसाला घरचे ‘काल रात्री गेला’ म्हणतात आणि तिथीही आदल्या दिवसाची धरतात. वर्षश्राद्धासाठी ती तिथी बरोबर आहे; दाखल्यावर मात्र मध्यरात्रीनंतरची तारीख येणार. घरच्यांनी एक आणि रुग्णालयाने दुसरी तारीख दिली की दोन कागद दोन गोष्टी सांगू लागतात.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. मृतदेह ताब्यात घेण्याची घाई असते, रात्रपाळीचा कारकून खिडकीतून विचारतो आणि समोर उभा असलेला पुतण्या जे नाव तोंडात बसले आहे ते सांगतो. गावाला तात्या, घरात आप्पा, आधारवर ज्ञानेश्वर आणि सातबाऱ्यावर ज्ञानोबा असा एकच माणूस असतो. पुतण्याने काय सांगितले ते पंधरा दिवसांनी दाखल्यावर दिसते. म्हणून रुग्णाला दवाखान्यात नेताना पिशवीत आधारकार्ड असावेच, आणि नाव तोंडी सांगण्याऐवजी कार्ड पुढे करावे. छापील कागदावर सही करण्यापूर्वी नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे वाचून घ्यावे. दुःखाच्या वेळी हे करायला कोणाचे मन होत नाही. म्हणून घरातल्या सर्वांत शांत माणसाकडे हे काम द्यावे, सर्वांत जवळच्याकडे नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत नावाचा प्रश्न दुहेरी असतो. सासरचे नाव आधारवर आणि बँकेत असते. माहेरच्या जमिनीत हिस्सा असेल तर तिथल्या सातबाऱ्यावर कधी माहेरचे नाव असते, कधी सासरचे. दाखल्यावर दोन्ही नावे ‘उर्फ’ लावून घालता आली नाहीत, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र पुढे वारस नोंदीच्या वेळी जोडावे लागते. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला असा माहेरचा आणि सासरचा धागा जोडणारा एखादा कागद शोधून ठेवावा.

सांख्यिकीय भागात धर्म, व्यवसाय, मृत्यूपूर्वी वैद्यकीय मदत मिळाली होती की नाही, हे विचारतात. तंबाखू ओढण्याची, खाण्याची, सुपारी किंवा पानमसाला चघळण्याची आणि दारूची सवय किती वर्षे होती, असेही रकाने आहेत. स्त्रीचा मृत्यू असेल तर तो गरोदरपणी, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत झाला का, हा प्रश्न असतो. मेलेल्या माणसाचे व्यसन कागदावर कशाला, म्हणून बरेच जण ‘नाही’ सांगून मोकळे होतात. यातले काहीही दाखल्यावर छापले जात नाही. माता-मृत्यूचा हिशोब आणि तंबाखूचा हिशोब मात्र याच रकान्यांतून जुळतो, तेव्हा खरे सांगायला हरकत नाही.

मृत्यूचे कारण

रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४ मध्ये कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र देतात, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ मध्ये. घरच्या मृत्यूचे प्रमाणपत्र शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी द्यायचे असते. ओळखीच्या पण रुग्णाला न पाहिलेल्या डॉक्टरांकडून ते घेऊ नये. हे प्रमाणपत्र विनाशुल्क आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्यावी.

या नमुन्यात कारणे एकाखाली एक उतरत्या क्रमाने लिहायची असतात: प्रत्यक्ष मृत्यूला कारण झालेली अवस्था, ती कशामुळे आली, आणि त्याच्याही मुळाशी काय होते. ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र निरुपयोगी असते, कारण हृदयक्रिया सर्वांचीच बंद पडते. विमा दाव्यात मधुमेह, मूत्रपिंड, पक्षाघात असे मूळ कारणच पाहिले जाते.

मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कारण छापलेले नसते, आणि ती कोणाची चूक नव्हे. कायद्याच्या कलम १७ नुसार कोणालाही दिलेल्या मृत्यूच्या उताऱ्यात कारणाचा तपशील उघड करता येत नाही. करोनाच्या काळात हा मुद्दा अनेकांना पहिल्यांदा कळला. ५० हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी करोनानेच मृत्यू झाल्याचा कागद लागत होता आणि नेहमीच्या दाखल्यात तो उल्लेख असणे शक्य नव्हते. म्हणून २०२१ मध्ये त्यासाठी वेगळी कार्यपद्धती ठरवावी लागली.

अपघात, सर्पदंश, विहिरीत बुडणे, विजेचा धक्का, विषबाधा, गळफास, रेल्वेखाली येणे अशा मृत्यूंत डॉक्टर नमुना ४ भरून देत नाहीत. आधी पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. लोहमार्गाच्या हद्दीत घडले असेल तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जाते, शहरात किंवा शिवारात घडले असेल तर स्थानिक ठाण्याकडे. नोंदणीसाठी पोलिसांचे पत्र किंवा शवविच्छेदनाचा प्राथमिक कागद पुरतो. व्हिसेरा राखून ठेवला आहे, अहवाल यायचा आहे, म्हणून नोंदच थांबवण्याचे कारण नाही. कारण काहीही निघो, मृत्यू तर झालेला असतो.

शेतकऱ्यांच्या घरी या टप्प्यावर आणखी एक मुदत सुरू होते, ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाच्या शेतकरी कुटुंबातील व्यक्तीच्या अपघाती मृत्यूबद्दल दोन लाख रुपये मिळतात आणि प्रस्ताव ३० दिवसांत कृषी कार्यालयाकडे द्यायचा असतो. त्याला मृत्यूचा दाखला, सातबारा, पंचनामा आणि वारसांचे कागद लागतात. नोंदीचे २१ दिवस पुरते वापरले तर या अर्जाला ९ दिवसच राहतात.

जन्मतःच किंवा जन्मल्यावर गेलेले बाळ

मृत जन्मलेल्या बाळाची नोंद वेगळ्या नमुन्यात, नमुना ३ मध्ये होते. ती जन्माच्या किंवा मृत्यूच्या नोंदवहीत जात नाही. पण बाळ जिवंत जन्मले, एक श्वास घेतला आणि गेले, तर त्याच्या दोन नोंदी होतात: आधी जन्माची, मग मृत्यूची. नाव ठेवलेले नसले तरी नोंद होते. घरातले वडीलधारे ‘राहू द्या आता’ म्हणतात आणि आईच्या रुग्णालयीन कागदांवर बाळंतपण दिसत असूनही बाळाचा कुठेच पत्ता नसतो. ही नोंद टाळू नये.

मुदत टळली तर

२१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत खबर दिली तर नाममात्र विलंब शुल्कावर काम होते. ३० दिवसांनंतर एका वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची किंवा नियमाने ठरवलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. पूर्वी यासाठी नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र लागत असे. आता विहित नमुन्यातील स्वयंसाक्षांकित कागद चालतो. महाराष्ट्रात जिल्हा निबंधकाचे काम जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात.

वर्ष उलटल्यावर निबंधकाच्या हातात काही राहत नाही. २०२३ पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागे. आता हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे, आणि तोही मृत्यू जिथे घडला त्या क्षेत्राचा. माढ्याच्या प्रांतांचे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचे, कार्यालय कुर्डुवाडीतच असल्याने चौकशी इथेच करता येते. तहसील कार्यालय मात्र माढ्याला आहे. जन्म-मृत्यूच्या उशिरा दिलेल्या दाखल्यांत बनावटगिरी झाल्याच्या तक्रारी आल्यावर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देण्याला स्थगिती दिली आणि मार्च २०२५ मध्ये कडक कार्यपद्धती आणली. स्थानिक निबंधकाचे अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नोंदवही तपासली पण नोंद सापडली नाही असा नमुना १० मधील दाखला, कागदोपत्री पुरावा, चौकशी अहवाल, पोलिसांचा अभिप्राय आणि जाहीर सूचना, इतके टप्पे त्यात येतात. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांचा दाखला आठवड्यात काढून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थापासून लांब राहावे. तसा दाखला नंतर रद्द झाला की त्यावर उभे असलेले फेरफारही अडचणीत येतात.

जुन्या मृत्यूचा पुरावा म्हणून काय चालते, हा खरा प्रश्न. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, स्मशानभूमीची किंवा कब्रस्तानची नोंद, पेन्शन बंद झाल्याचे पत्र, पोलीस पाटलाचा दाखला, त्या वेळी वर्तमानपत्रात दिलेले निधनवृत्त, असे त्या काळी तयार झालेले कागद वजनदार ठरतात. आज लिहिलेले शपथपत्र त्यांच्या पुढे फिके पडते. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या घरी, आणि कुर्डुवाडीत अशी घरे पुष्कळ, कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश बहुधा ट्रंकेत सापडतो. त्यावर मृत्यूची तारीख असते.

चूक झाली तर

नोंदीतली चूक खोडून किंवा पुसून दुरुस्त करता येत नाही. कलम १५ नुसार मूळ नोंद तशीच ठेवून समासात शेरा मारला जातो, त्यावर निबंधकाची सही आणि तारीख येते. लेखनिकाची साधी चूक निबंधक खातरजमा करून स्वतः दुरुस्त करू शकतो. मजकुरातली चूक असेल, जसे वडिलांचे नावच वेगळे, तर घटनेची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे जबाब आणि पुरावे लागतात. नोंद जिथे झाली तिथेच दुरुस्ती होते. लऊळच्या माणसाला ‘ज्ञानेश्वर’चे ‘ज्ञानोबा’ करायला सोलापूरलाच जावे लागते. निबंधकाने नकार दिला किंवा कार्यवाहीबद्दल तक्रार असेल तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते आणि त्यावर ९० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. ही अपिलाची सोयही २०२३ च्या दुरुस्तीतलीच.

दाखला हाती आल्यावर

किमान पाच-सहा प्रती काढाव्यात आणि मूळ प्रत कुणालाही कायमची देऊ नये. मृत्यूचा दाखला वारस ठरवत नाही, एवढे समजून घ्यावे. तो फक्त माणूस गेल्याचे आणि कधी, कुठे गेल्याचे सांगतो. बँकेत नामनिर्देशन असेल तर दाखला आणि ओळखपत्रावर काम होते. नसेल आणि रक्कम मोठी असेल तर उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा १८२७ च्या मुंबई विनियमाखालील वारस दाखला न्यायालयातून आणावा लागू शकतो.

जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचे असते. वारस नोंदवहीत नावे चढतात, फेरफार धरला जातो, हरकतीसाठी नोटीस निघते. तीन-तीन पिढ्या आजोबांच्या नावावर चाललेले सातबारे गावोगाव दिसतात. त्यांसाठीच राज्याने एप्रिल २०२५ पासून जिवंत सातबारा मोहीम घेतली. त्या मोहिमेतही पहिला कागद मृत्यूचा दाखलाच मागितला गेला. शिधापत्रिकेतून नाव कमी करणे, मतदार यादीसाठी नमुना ७ भरणे, गॅस, वीजमीटर, सोसायटीचे सभासदत्व ही कामे दाखल्यावर लगेच होतात आणि सावकाश केली तरी फारसे बिघडत नाही. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता ज्या खात्यातून कापला जात होता ते खाते मात्र लगेच बंद करू नये; आधी बँकेत दाव्याची चौकशी करावी.

बेपत्ता आणि परदेशी

घरातून निघून गेलेला, वारीत चुकलेला, कधीच न परतलेला माणूस मृत म्हणून नोंदवता येत नाही. सात वर्षे त्याची खबर ज्यांना मिळायला हवी होती त्यांना मिळाली नाही, तर पुराव्याच्या कायद्यानुसार तो मृत असल्याचे गृहीत धरता येते, पण ते दिवाणी न्यायालयाने मान्य करावे लागते. त्या सात वर्षांची सुरुवात दाखवायला पोलिसांतली बेपत्ता झाल्याची नोंद लागते. ती त्याच आठवड्यात करावी. परदेशात मृत्यू झाला तर त्या देशाचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि भारतीय दूतावासात नोंद करायची. मृतदेह किंवा अस्थी कुर्डुवाडीत आल्या म्हणून इथे नव्याने नोंद होत नाही.

जुन्या नोंदी

मृत्यूच्या नोंदवह्या कायमस्वरूपी जतन करायच्या असतात, त्या नष्ट करता येत नाहीत. १९७० पूर्वीच्या काळात सोलापूर जिल्ह्यातल्या गावांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी महसूल यंत्रणेत होत असत; गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक या नावांनी त्या ओळखल्या जातात. जुनी पाने मोडी लिपीत आहेत. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हेच बांधलेले कापडी बस्ते गावोगाव उघडले गेले, कारण मयताच्या नावापुढे जात लिहिलेली असे. पणजोबांची नोंद हवी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे गाव, पूर्ण नाव आणि मृत्यूचे अंदाजे वर्ष देऊन नकलेचा अर्ज करावा. वर्ष नेमके माहीत नसेल तर ‘दुष्काळाच्या साली’, ‘प्लेगच्या साली’ असे घरातल्या म्हाताऱ्यांकडून विचारून घ्यावे आणि अर्जात चार-पाच वर्षांचा टप्पा लिहावा. सापडलेले पान मोडीत निघाले तर नकलेसोबत मोडी वाचकाचे प्रमाणित लिप्यंतर जोडून घ्यावे लागते.